आई ‘पान लागलं’ म्हणे, डॉक्टर पानच समजले

घाबरू नका, मी वाचली आहो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट पाहाले तुम्ही खाली पळणार नाई. उजव्या हाताचं पहिलं बोट अजून पुरं वाकत नाई, म्हणून कुठी मात्रा चुकली, वेलांटी सुटली तर समजून घ्या. सिंदेवाहीच्या एका ऑनलाइन सेंटरवर मी लोकायचे फॉर्म भरते, दिवसभर टाइपच करते. पण आज जेवढी घाई होऊन राह्यली तेवढी कधीच नाई झाली. आता धानकापणीचे दिवस आहेत. उंदरं घराकडं येऊन राह्यले, अन् उंदरामागं ते पण.

ते म्हणजे साप. लिहून टाकलं पाहा. मागच्या वर्षीपर्यंत हे नाव घ्याले आमच्या घरी बंदी होती, अन् त्या बंदीपायीच मी मरता मरता राह्यली. तेच सांगाचं आहे.

वाघ नव्हता

आमचं गाव सिंदेवाहीपासून गाडीनं अर्ध्या तासावर, जंगलाले लागून. घरामागं सांदवाडी आहे, म्हणजे आईची भाजीची जागा. वाल, बरबटी, दोडके, मिरच्या. एका कोपऱ्यात जुन्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा ढीग. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात घरावर टिन टाकले, तवा उतरवलेले कवेलू बाबांनी तिथंच रचून ठेवले. "कामी येतीन" म्हणे. आले कामी, उंदरायच्या!

मागच्या वर्षी असेच कापणीचे दिवस होते, सकाळचे सात वाजले असतीन. आई म्हणे, "जा वं, मूठभर शेंगा तोडून आन, डब्यात देतो."

आता आमच्याकडं वाघ फिरते. म्हणून लहानपणापासून एकच सवय. घरामागं गेलं का पहिले लांब पाहाचं. कुंपणापलीकडं, झुडपात, नाल्याकडं. मी बराबर पाह्यलं. वाघ नव्हता. मंग बिनधास्त वेलात हात घातला. हाताजवळ, पायाजवळ पाहाची सवय कोणाले आहे?

सुई टोचल्यासारखं झालं. मले वाटलं काटा. मंग वेल हलला अन् त्याच्यातून ते वर उठलं, हातभर, फणा काढून. ते माह्याकडं पाहून राह्यलं अन् मी त्याच्याकडं. त्या टायमाले माह्या डोक्यात काय आलं माहीत आहे? दोन पोरींच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे, हे! मंग ते कवेलूच्या ढिगात गेलं. आरामात. त्याले काहीच घाई नव्हती.

"आई! साप! साप चावला!"

आई धावत आली अन् पहिलं काम काय केलं? माह्या तोंडावर हात ठेवला.

"नाव नोको घेऊ! नाव घेतलं का इख चढते. पान लागलं म्हन."

बाहेरच्यायले सांगते. आमच्याकडं ‘साप चावला’ नाई म्हणत, ‘पान लागलं’ म्हणतात. साप दिसला तर ‘जनावर दिसलं’, ‘लांबडं दिसलं’. त्याचं खरं नाव कोणी घेत नाई, अन् चावल्यावर तर मुळीच नाई. इख म्हणजे विष. नाव आयकलं का ते डोक्याकडं धावते, असं आई मानत होती. मीही अर्धं मानतच होती, खोटं काऊन बोलू.

आसारामभाऊचा डहाळा

आईनं बोटावर हळद थापली, लुगड्याची चिंधी फाडून मनगटावर करकचून बांधली अन् शेजारच्या आसारामभाऊले हाक मारली. गावात कोणाले पान लागलं का हेच येतात. कडूलिंबाचा डहाळा फिरवतात, मंत्र टाकतात. आले तेच दातून चघळत. पहिले ती चिंधी सोडली.

"वहिनी, हात सडवता का पोरीचा?" माह्या बांगड्या अन् अंगठी काढली. मंग माह्यासमोर उकिडवं बसले. "बाई, वर पाह्य. टिनाकडं."

मी पाह्यलं. म्हणजे मले वाटलं का पाह्यलं. पापण्या अर्ध्यावरच अटकल्या होत्या.

आसारामभाऊ उठले. दातून फेकलं. "वहिनी, गाडी काढतो. दवाखान्यात चला."

"अन् मंत्र?"

"माह्या डहाळ्यानं त्यायलेच बरं वाटते, ज्यायले बिनइखारी जनावर लागते. वीस वर्ष झाले, मले का समजत नाई? हे जनावर ते नोहे."

एवढं खरं बोलणारा माणूस मी पाह्यला नाई. वीस वर्षाचं नाव त्यानं आमच्या अंगणात एका वाक्यात सोडून देल्लं. हे मले आता समजते. तवा मी रडून राह्यली होती.

गाडीवर पुढं आसारामभाऊ, मधात मी, मागं आई, मले धरून. हात खाली लटकता, हलवाचा नाई अशी ताकीद. भाऊ ओरडे, "बाई, बोलत राह्य! काही पन बोल!" काय बोलू? मी फॉर्म बोलाले लागली. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग. उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत आली तवा माहाच आवाज मले नाकातून येऊन राह्यला होता.

अर्धा तास बसा

ज्या दवाखान्यात आधी गेलो त्याचं नाव नाई लिहीत. चूक एकट्या त्यायची नव्हती. डॉक्टर तरणेच होते, माह्यापेक्षा चार-पाच वर्ष मोठे असतीन. पुण्याकडचे. पंधरा दिवस झाले होते इकडं येऊन. बाहेर ही लाइन, सर्दी-खोकला-तापाची.

"काय झालं?"

"पान लागलं जी. हाताले."

"कसलं पान?"

"सांदवाडीतलं. वालाच्या वेलातलं."

"याआधी असं कधी झालंय?"

"नाई जी, पयल्यांदाच."

त्यायनं हात पाह्यला. बोट सुजून लाल, अन् वरून आईची हळद. दाताची खूण त्याच्यात दिसणार कुठून? "डोळे असे का मिटतीये ती?"

"भेली न जी. अन् तसा तो मोबाइल..." आईनं इथंही मोबाइल आणला! मरून राह्यली पोरगी, तरी मोबाइल.

"ॲलर्जी आहे. काही वेलींची पानं लागली की सूज येते. इंजेक्शन देतो. अर्धा तास बाहेर बसा. झोप येईल तिला, घाबरू नका."

मी उभी होती तिथंच. ‘ॲलर्जी’ शब्द मले साफ आयकू आला. मी म्हटलं, "साप." पण तोंडातून नुसती लाळ आली. जीभ म्हणजे ओल्या पोत्यासारखी. सिस्टरनं इंजेक्शन देल्लं अन् आम्हाले बाकावर आणून बसवलं.

आसारामभाऊ तिकडं रोडवर गेले होते, बाबाले फोन लावाले, कारण आत नेटवर्क नाई. बाबा वडश्याले गेले होते, ट्रॅक्टरचा पार्ट आणाले. आई माह्याबाजूले बसली अन् तिनं इतका मोठा श्वास सोडला.

"देल्लं बाई इंजेक्शन. आता उतरते."

तुम्ही समजून राह्यले का? डॉक्टर खुश, का पानाची ॲलर्जी होती, औषध देल्लं. आई खुश, का पान लागलं होतं, औषध देल्लं. डोळे मिटले तर दोघंही म्हणणार, झोप आली. अख्ख्या दवाखान्यात खरं फक्त मले माहीत, अन् मले थुंक गिळता येत नव्हती.

मले मरणाची भीती तवा पहिल्यांदा वाटली. चावला तवा नाई, गाडीवर नाई. त्या बाकावर.

मोबाइल ओढणीत होता. डाव्या हातानं काढला. एकाचे दोन मोबाइल दिसत होते. डोकं मागं टाकून, पापणीच्या फटीतून पाहून टाइप केलं. माह्या जिंदगीतलं सगळ्यात हळू टाइपिंग. अजून आहे तो मेसेज, तसाच्या तसा देते:

*डकटर ल महित नाई सप*

आईले दाखवला. आई चौथी शिकली. बोट ठेवून ठेवून वाचते. "डक... टर... ल..." शेवटच्या शब्दावर आली अन् माह्या हातावर चापट मारली. "लिहू बी नोको ते!"

मी परत केलं. *तयले झाडच पन वटल*

आईनं वाचलं. परत वाचलं. मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. मले दोन आया दिसत होत्या, दोघींचंही तोंड पांढरं झालं होतं.

ती उठली. दारात जाऊन उभी राह्यली. तोंड उघडलं, बंद केलं. परत उघडलं. पन्नास वर्षाची बाई, जिनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता, अन् इथं तर तिच्या हिशोबानं नाव घेतलं का पोरीचं इख चढणार. तिच्यासाठी ते मले मारल्यासारखंच होतं. तरी ती ओरडली.

"साप! साप चावला माह्या पोरीले! नाग! पान म्हंजे साप होय जी, साप!"

लाइन फुटली. डॉक्टरची खुर्ची पडल्याचा आवाज आला.

आयकू सगळं येते

हे लय महत्त्वाचं आहे, घरच्यायनं तर वाचाच. नागाच्या विषानं अंग बंद पडते, डोळे बंद पडते, शेवटी श्वासही. पण आतला माणूस जागा असू शकते. मी जागी होती. म्हणून पेशंटजवळ ‘आता काही खरं नाई’ असं कोणी बोलू नका. माह्याजवळ एक बाई बोलली. तिचा आवाज मले पाठ आहे.

सलाइनमधून सापाचं औषध सुरू झालं. पण तवापर्यंत छाती उचलत नव्हती. त्यायनं तोंडातून नळी टाकली, तिले फुगा लावला, हातानं दाबाचा फुगा. एक दाबला का एक श्वास. तसंच ॲम्ब्युलन्समध्ये टाकलं, मूलमार्गे चंद्रपूर. अन् फुगा दाबाले कोण बसलं? तेच डॉक्टर. दुसऱ्याले पाठवू शकत होते. नाई पाठवलं.

मले काही दिसत नव्हतं. फुग्याचा आवाज अन् त्या दोघायचं बोलणं, बस.

"मावशी, रडू नका. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुमच्याकडं काय म्हनते जी याले?"

"साप."

"डायरेक?"

"डायरेक्ट."

आई म्हणे, "अन् मरत नाई लोक?"

"मरतात. उशिरा आले की मरतात. नाव घेतल्यानं नाही मरत, मावशी."

"जोरात दाबा जी."

"जोरात नाही दाबायचं, बरोबर दाबायचं."

मले हसू आलं. खरंच आलं! पण हसाले तोंड नव्हतं. त्या रस्त्यावर किती गड्डे आहेत ते मी पाठीनं मोजले, अन् एकाही गड्ड्यात त्यायच्या फुग्याचा श्वास चुकला नाई.

चंद्रपूरची खाट

तिथं दोन दिवस मशीनवर. मशीन श्वास घेते अन् आपण तिच्यामागं मागं जातो. विरोध केला का ती टुंटुं ओरडते. एका सिस्टरनं कानात सांगतलं, "बेटा, उसके साथ चल, लड मत." हे मी जमवलं अन् भीती अर्धी झाली. तीच सिस्टर माह्या डोळ्यात थेंब टाकून पापण्या पट्टीनं बंद करे, का सुकले नाई पाहिजे म्हणून. अन् हातात पेन देई, मी न पाहता कागदावर गिचमिड करो. पहिलं काय लिहिलं? ‘फॉर्म’. तिले वाटलं पेशंट बरळून राह्यली. बाबांनी सेंटरवर फोन केला तवा समजलं का मालकानं ते दोन्ही फॉर्म त्याच दिवशी भरून टाकले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी पाचले अंग पुसणं, मंग नळीतला कफ ओढणं. हे घाण आहे, खोटं नाई सांगत, पण दहा सेकंदाचं आहे. मोजा अन् सोडा. तिसऱ्या दिवशी पापणी हलली. नळी निघाली तवा घसा असा, जसा कोणी ब्रशनं घासला. पहिला शब्द पाणी. सिस्टर म्हणे, अभी नहीं. दुसरा शब्द आई.

पण आई आत येईना.

दारातली आई

बाबा चंद्रपूरले आले तवापासून एकच बोलत होते. "तू तिथं साफ काऊन नाई सांगतलं? डॉक्टरले काय सपन पडते?" काका आले, तेही तेच. मावशी आली, ती उलटं बोलली, "तू नाव घेतलं म्हनूनच इख छातीत गेलं." म्हणजे सांगतलं नाई तरी आईचं चुकलं, अन् सांगतलं तरी आईचंच! तीन दिवस ती वॉर्डाबाहेर भिंतीले टेकून बसली. जेवली नाई.

सिस्टरनं हात धरून आणली. दारातच उभी. मी फाटक्या आवाजात म्हटलं, "ये न वं."

"माह्यानं झालं हे," ती म्हणे.

"तू ओरडली म्हणून आहो मी."

बाबा बाजूलेच होते. मी त्यायलेही सांगतलं, "बाबा, कवेलू कोणी ठेवले होते?" बाबा उठून खाली गेले अन् आईसाठी पोहे घेऊन आले. आमच्या बाबाची माफी अशीच असते, द्रोणात. आईनं खाल्ले.

बोटाचं सांगते. चावल्याजागचं मांस काळं पडलं, ते कापून काढलं. महिनाभर रोज पट्टी. तेवढा एक महिना मी चिडचिडी होती, सगळ्यायवर ओरडली. मशीनवर नाई रडली तेवढी पट्टीच्या टायमाले रडली. आता ठीक आहे. स्पीड जवळजवळ परत आला.

आता घरी काय करतो

सुट्टी होऊन आल्यावर बाबा कुऱ्हाड घेऊन ढिगाकडं निघाले. मी नाई म्हटलं. माराले गेलेल्यायलेच चावते लय वेळा. तालुक्यातून साप पकडणारा एक पोट्टा बोलावला. त्यानं लांब आकड्यानं एकेक कवेलू हटवला. निघाला! तोच का दुसरा, देव जाणे. थैलीत भरून वनखात्याच्या लोकायसोबत जंगलात सोडला. मले राग आला का? नाई.

ढीग आता नाई. सरपण घराच्या भिंतीपासून दूर, विटांवर उंच ठेवलं. धानाचे पोते जमिनीवर नाई, पाटावर. उंदीर कमी तर साप कमी. कोंबड्याचा खुराडा झोपाच्या खोलीपासून हटवला. दरवाज्याखालची फट बाबांनी बुजवली. सांदवाडीत बूट घालून जातो अन् काठीनं वेल हलवूनच हात घालतो. जमिनीवर अंथरूण नाई, खाट अन् मच्छरदाणी. मण्यार अंथरुणात घुसते अन् तिचा दात समजतही नाई, खूण दिसत नाई, म्हणून पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या तर ‘पित्त झालं’ म्हणून बसू नका.

अन् चावलाच तर बांधाचं नाई, कापाचं नाई, चोखाचं नाई. हळद नाई! अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय हलवू नका, निघा. दवाखान्यात पहिलं वाक्य: साप चावला, इतके वाजता.

म्हना

हे ‘साप चावला’ गावात कोणी म्हणाले तयार होईना. मी सांगतलं तर हो हो करत, अन् निघताना म्हणत, "पान लागलं तर असंच करू बाई." मी डोकं आपटून घेतलं असतं!

मंग आईनंच ठरवलं. मागच्या आठवड्यात दुपारी समाजमंदिरात त्यायच्या बचत गटाची मीटिंग होती. आई उभी राह्यली. मी मागं बसली होती.

"बायाहो, एक काम आहे. सगळ्यायनं एकडाव म्हना. साप."

पंधरा बाया. सगळ्या पदरात तोंड घालून हसाले लागल्या. एक म्हणे, "काय वो वहिनी, सांजच्याले माह्या घरात आला तर तू येशीन का काढाले?"

"येतो. म्हन."

"सा..." अन् परत खीखी.

आई हसली नाई. "माही पोरगी बाकावर मरून राह्यली होती अन् मी तिच्याबाजूले बसून होतो. एका शब्दासाठी. म्हना."

कोणी म्हटलं नाई. मंग कोपऱ्यातून बेबीबाईचा आवाज आला. बेबीबाई सगळ्यात म्हातारी, मीटिंगमध्ये अंगठा उठवते, बोलत काहीच नाई. तिचा वामन बारा वर्षाचा असताना गेला, हे गावाले माहीत आहे. कशानं गेला हे तिनं इतक्या वर्षात कोणापुढं काढलं नव्हतं. मीही ताप आला होता असंच आयकून होती.

"साप," बेबीबाई म्हणे. "माह्या वामनले साप चावला होता. पोट दुखे त्याचं. आमी नाव घ्याले भेलो, जंत झाले म्हनून सांगतलं डॉक्टरले."

आई तिच्याजवळ जाऊन खाली बसली. मंग पलीकडची एक बाई म्हणाली, साप. मंग तिच्या बाजूची. मंग बाकीच्या, एकेक करून, पुऱ्या पंधरा.